सातवीच्या मुलांची क्वेबेक ट्रिप: पाठवावं का?

प्रेषक: मुग्धा (मिसिसागा)

नमस्कार मंडळी,

दिवाळी फराळाच्या हिशोबाच्या मेलमध्ये हे घुसडायला नको, म्हणून वेगळा विषय काढतेय.

आमची ईरा यंदा ग्रेड ७ ला आहे. पहिलीपासून फ्रेंच इमर्शनमध्ये, म्हणजे शाळेतले बरेच विषय फ्रेंचमधूनच. फेब्रुवारीत शाळेची क्वेबेक सिटीची ट्रिप निघतेय, चार दिवस, तीन रात्री, बसने. हॉटेलात चौघींना मिळून एक खोली. खर्च नऊशे डॉलर, वर खाऊचे पैसे वेगळे. फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, आठशे किलोमीटर बसमध्ये बसून या पोरी आपसांत इंग्रजीच बोलणार, त्यापेक्षा पैसे साठवू आणि दोन वर्षांनी सगळेच पॅरिसला जाऊ. सासूबाई सध्या पुण्याहून आल्यात, त्यांना बारा वर्षांची पोर एवढ्या थंडीत एकटी पाठवायची कल्पनाच झेपत नाहीये. शिवाय आम्ही शाकाहारी (अंडं चालतं). ईराला विचारलं तर तिचं एकच पालुपद, "सगळ्या जाताहेत."

कोणी मुलांना पाठवलंय का? खरंच फ्रेंच सुधारतं, की नुसती सहल होते?

मुग्धा

---

प्रेषक: संदीप (ओकव्हिल)

मुग्धा,

मागच्या वर्षी आमच्या चिरंजीवांबरोबर मी पालक-व्हॉलंटियर म्हणून गेलो होतो. त्यामुळे खरं काय ते सांगतो: दोन्ही होतं.

पहिले दोन दिवस तुझ्या नवऱ्याचंच म्हणणं बरोबर निघालं. बस पहाटे सहाला सुटली, अंधार पडता पडता पोचलो, आणि वाटेत अठ्ठेचाळीस पोरांपैकी एकानेही फ्रेंचचा शब्द काढला नाही. टूर कंपनीने माहितीपत्रकात 'संपूर्ण फ्रेंच वातावरण' असं छापलं होतं. गाइडने दहा मिनिटं फ्रेंच बोलून पाहिलं, मागच्या बाकावरून "व्हॉट?" आलं आणि गडी जो इंग्रजीवर घसरला तो परत आलाच नाही. जुन्या शहराची तटबंदी, शातो फ्रोंतनाक या किल्ल्यासारख्या हॉटेलसमोर फोटो, इंग्रज-फ्रेंचांची १७५९ ची लढाई जिथे झाली ते अब्राहमचं पठार, सगळं इंग्रजीत. माँमोरान्सीचा धबधबा ८३ मीटर, म्हणजे नायगाऱ्याहून उंच, हेही इंग्रजीतच कळलं. ते घरी बसूनही कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मादामने (फ्रेंचच्या बाईंनी) डोकं लढवलं. तिघातिघांचे गट केले, प्रत्येक गटाला वीस डॉलर दिले आणि एका गल्लीतल्या देपानरमध्ये (म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान) सोडलं. अट अशी, की बोट दाखवायचं नाही, इंग्रजी बोलायचं नाही आणि मोठ्यांनी आत यायचं नाही. मी काचेबाहेर कुडकुडत उभा.

चिरंजीवांनी आदल्या दिवशी एक हातमोजा हरवला होता. त्याला शाळेत 'गाँ' हा शब्द शिकवलेला. तो काउंटरवरच्या बाईंना 'गाँ, गाँ' म्हणतोय आणि त्या पाच बोटांचे पातळ मोजे काढून दाखवताहेत. यावर याने आपली चार बोटं चिकटवून अंगठा वेगळा करून दाखवला. (बोट दाखवायचं नाही ही अट मोडली की नाही, यावर नंतर बसमध्ये खटला चालला.) बाई हसल्या, "आ, दे मितेन!" शब्द मिळाला, मोजे मिळाले. मग त्यांनी विचारलं, तू कुठला? याने सांगितलं. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, यानेही काहीतरी उत्तर दिलं. घड्याळ लावून पाहिलं नाही, पण चार मिनिटं तरी चाललं असेल.

बाहेर आला तो चक्रावलेला. "बाबा, मी मेर्सी म्हणून निघालो तर त्या वेलकम म्हणाल्या. मी तर जात होतो!" क्वेबेकमध्ये आभाराला 'ब्यँवन्यू' म्हणून उत्तर देतात, हे त्याला सात वर्षांच्या इमर्शनमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मलाही तिथेच कळलं.

त्या रात्रीपासून तो जेवणाच्या टेबलावर स्वतः ऑर्डर द्यायला लागला. तेव्हा मुग्धा, ट्रिप चांगली की वाईट हे विचारू नकोस. शाळेला विचार, की मुलं मोठ्यांच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःच्या गरजेसाठी कुठे कुठे बोलणार आहेत. उत्तर नुसतं "गाइडेड टूर" असं आलं तर नऊशे डॉलर जास्त आहेत.

जेवणाचं: एक दिवस कबान आ स्युक्रला नेतात. हे तिथलं गुऱ्हाळच समज. मेपलचा रस आटवतात, चाळीस लिटरचा जेमतेम एक लिटर पाक होतो. गरम पाक बर्फावर ओततात आणि काडीवर गुंडाळून खायला देतात. कोल्हापूरकडच्या माणसाला गुऱ्हाळावरच्या गरम गुळाची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. पण त्याआधीचं जेवण जपून. वाटाण्याच्या सुपात हॅम, बीन्समध्ये डुकराची चरबी, आणि पुतीनवरची (फ्राईज आणि चीजवर ओततात ती) ग्रेव्ही बहुधा बीफच्या नाहीतर कोंबडीच्या रश्शाची. पॅनकेक, ऑम्लेट, बटाटे यांवर निभतं.

संदीप

---

प्रेषक: अण्णा (स्कारबरो)

स. न. वि. वि.

रविवारच्या मराठी शाळेत दहा मुलं जमवताना आमच्या नाकी नऊ येतात. तिथली फी वर्षाला साठ डॉलर. फ्रेंचसाठी मात्र नऊशे, आणि वर बर्फाचे बूट. पुण्यातही आमच्या वेळी पोरं दहावीला मार्क पाडायला फ्रेंच घ्यायची आणि निकाल लागला की विसरायची. इथे काही वेगळं होईल असं मला वाटत नाही. राग नसावा.

अण्णा

---

प्रेषक: मेधा (वॉटरलू)

नमस्कार,

अण्णा, राग नाही. ती मार्क पाडणारी पोरं मी स्वतः पुण्यात सहा वर्षं शिकवली आहेत, आणि पुढे इथे मिडल स्कूलमध्ये एकोणीस. तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे.

इमर्शन सुरू झालं तेच मुळी अशा तक्रारीतून. माँट्रियालजवळच्या सँ-लाँबेर गावातल्या इंग्रजी पालकांच्या लक्षात आलं, की आपली मुलं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकतात आणि शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलू शकत नाहीत. त्यांनी मागे लागून १९६५ मध्ये बालवाडीचा एक प्रायोगिक वर्ग काढून घेतला. तिथून हे देशभर पसरलं. पण त्यातही एक भोक राहिलंच. टोरंटोच्या भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी ८० च्या दशकात दाखवलं, की इमर्शनच्या मुलांना ऐकून, वाचून फ्रेंच छान कळतं, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती बरीच मागे राहतात. कारण वर्गात कान भरपूर चालतात, तोंड चालवायची वेळच येत नाही. मोडक्या वाक्याने वर्गात काम भागतं, कारण बाई समजून घेतात. देपानरवाल्या बाई समजून घेत नाहीत, आणि संदीपच्या मुलाला नेमकं तेच मिळालं.

(मुग्धा, हीच गोष्ट आपल्या मुलांच्या मराठीलाही लागू आहे. आजीचं सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.)

आता पॅरिसचं. जरूर जा, पण ती ट्रिप आई-बाबांच्या मागून चालायची असेल. शिवाय ईराचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर शेंगेन व्हिसा आला. क्वेबेक सिटीत शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांची मातृभाषा फ्रेंच. माँट्रियालमध्ये तुम्ही जरा अडखळलात की समोरचा दयेने इंग्रजीवर येतो. क्वेबेक सिटीतही पर्यटकांच्या गल्ल्यांत हे होतंच, पण दोन गल्ल्या पलीकडे गेलं की पुष्कळ कमी. तेव्हा मुलांना सांगून ठेवायचं, की समोरचा इंग्रजीत आला तरी आपण फ्रेंच सोडायचं नाही. मी माझ्या वर्गाला शिकवायचे, "म्हणा, मी शिकतेय, फ्रेंचमध्येच बोला." लोक खूष होतात.

तिथलं फ्रेंच पुस्तकी नाही म्हणून काही पालक नाक मुरडतात. पुणेरी मराठी तेवढी शुद्ध, असं म्हणण्यासारखंच आहे ते. उलट काही बाबतीत क्वेबेकवाले जास्त कर्मठ. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या पाटीवर 'स्टॉप' लिहितात, इथे 'आरे'. तिकडे वीकेंडला 'वीकेंड'च म्हणतात, इथे 'फँ द सेमेन'. एक मात्र मुलांना आधी सांगा: पुस्तकात देजने म्हणजे दुपारचं जेवण असतं, क्वेबेकमध्ये ती सकाळची न्याहारी, दुपारी दिने आणि रात्री सुपे. माझ्या एका वर्गाने एकदा आठची वेळ ऐकूनही देजने म्हणजे दुपारच समजून घेतली आणि सकाळी उपाशी राहिले सगळे.

आणि अण्णा, तुमच्यासाठी खास. इथल्या मुलांना फ्रेंच आकडे छळतात, कारण ऐंशीला त्यांच्यात 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. सत्त्याण्णव म्हणजे चार वीस सतरा. माझी आजी नाचणीच्या पेंढ्या 'चार विसा न् सतरा' अशाच मोजायची. मराठी मुलांना मी हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागलं नाही. 'त्यू' आणि 'व्हू'चंही तसंच. इंग्रजीतून येणाऱ्या पोरांना हा भेद समजावताना माझी आठवडाभर दमछाक व्हायची. आपल्या मुलांना "तू आणि तुम्ही" म्हटलं की विषय संपला. फक्त क्वेबेकमध्ये अनोळखी माणूसही पटकन तू वर येतो, त्याचा राग मानायचा नाही. तेव्हा रविवारची शाळा आणि क्वेबेक या दोन्हींचं भांडण लावू नका.

मुग्धा, ट्रिप जमली नाही तर एक्सपिरियन्सेस कॅनडा या संस्थेची अदलाबदल योजना बघ. १२ ते १७ वयाच्या मुलांचे गट एकमेकांच्या गावी जातात, यजमान मुलांच्या घरी राहतात, मग ती मुलं आपल्याकडे येतात. भाषेसाठी हॉटेलपेक्षा हे कितीतरी सरस. फक्त मग आपल्याकडेही एक अनोळखी मुलगी आठवडाभर येणार, आणि ती पोहे खाईल की नाही याची काळजी तुला.

मेधाताई

---

प्रेषक: राजेश (ब्रॅम्प्टन)

एक कामाचं, कारण फॉर्म भरताना हे कोणी सांगत नाही. ओहिप कार्ड (आपल्या ऑन्टारिओ प्रांताचं सरकारी आरोग्य-विम्याचं) बरोबर द्याच, पण क्वेबेकचे डॉक्टर बाकी प्रांतांसारखं थेट ओहिपला बिल लावत नाहीत. क्लिनिकमध्ये आधी पैसे भरावे लागू शकतात आणि पावती आणून इथे क्लेम करायचा. हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर कार्ड चालतं, मात्र अँब्युलन्सचं बिल वेगळं येतं. शाळेच्या पॅकेजमध्ये प्रवास-विमा आहे का, ते बघ. नसेल तर चार दिवसांचा स्वस्तात मिळतो. टूर कंपनीकडे टिकोचं (ऑन्टारिओतल्या प्रवास कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं) रजिस्ट्रेशन आहे का, हेही विचार. कंपनी बुडाली तर पैसे परत मागायला तेवढाच आधार.

राजेश

---

प्रेषक: मुग्धा (मिसिसागा)

मंडळी, ईरा काल रात्री परत आली. घसा बसलाय, बाकी धड आहे.

संदीपदादा, शाळेला तुझा प्रश्न विचारला होता. आधी "गाइडेड टूर" हेच उत्तर आलं. मग आम्ही तीन आयांनी मिळून मादामला मेल केली, तर त्यांनी एक दुपार दुकानांसाठी आणि एक जेवण मुलांनी स्वतः ऑर्डर करायचं, असं ठरवून घेतलं. खरं तर त्यांना हेच करायचं होतं, पालक घाबरतील म्हणून करत नव्हत्या म्हणे.

मेधाताई, तुमच्या वर्गासारखं ईरानेही एकच वाक्य घोकलं होतं, "यात डुकराचं काही आहे का?" गुऱ्हाळावर वाढणाऱ्या आजींना विचारलं तर त्यांनी एका श्वासात एवढं लांब उत्तर दिलं, की हिला त्यातलं फक्त 'लार' (डुकराची चरबी) कळलं. रडायच्या बेतात होती म्हणे. मग "प्ल्यु लाँतमाँ" म्हणाली, जरा सावकाश. आजींनी एकेक भांडं उघडून नाव सांगितलं: हे खा, हे नको, हे नको, हे खा. शेवटी दोन पॅनकेक जास्तीचे वाढले. नंतर टेबलावरच्या इतर दोन शाकाहारी मुलींना हिनेच सगळं समजावलं.

सासूबाईंना तिने आज उठल्या उठल्या "आजी, तू देजने केलंस का?" असं विचारलं. सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे क्वेबेकच्या हिशोबाने बरोबरच.

पोरी खोलीत आपसांत मात्र इंग्रजीच बोलल्या, बसमध्येही. नवऱ्याने ते लगेच नोंदवून घेतलं.

एक हातमोजा हरवला. आणि ते साईज ६ चे बर्फाचे बूट कोणी दिले होते? पिशवीवर नाव नाही. रविवारी मराठी शाळेत घेऊन येते, ज्यांचे असतील त्यांनी उचला. अण्णा, ईरा पण येतेय.

मुग्धा