मदत हवी आहे: लष्करातील आधीची सेवा डॉक्टर अधिकाऱ्याच्या हुद्द्यात आणि ज्येष्ठतेत कशी धरतात?

नमस्कार.

मी अमेरिकेच्या भूदलात आधी जवान आणि नंतर अधिकारी म्हणून एकूण ७ वर्षे १० महिने सेवा केली आहे आणि येत्या मे महिन्यात एम.डी. होऊन त्याच भूदलात डॉक्टर म्हणून पुन्हा रुजू होणार आहे. माझी जुनी सेवा कशी मोजली, हे सांगणारा कागद मला नुकताच मिळाला, पण त्यातला हिशेब आणि मी वाचलेला कायदा यांचा मेळ बसत नाही. या वाटेने आधी गेलेल्यांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

तपशील नेमका देते, कारण या विषयात एकेका महिन्याने उत्तर बदलते. जून २०१३ मध्ये मी कॉम्बॅट मेडिक म्हणून भरती झाले. ४ वर्षे २ महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, ऑफिसर कॅन्डिडेट स्कूल पूर्ण करून मेडिकल सर्व्हिस कोरमध्ये सेकंड लेफ्टनंट झाले आणि एप्रिल २०२१ पर्यंत, म्हणजे ३ वर्षे ८ महिने, तिथे होते. हे कोर डॉक्टरांचे नव्हे. जखमींना हलवणे, वैद्यकीय पुरवठा, प्रशासन अशी कामे त्याच्याकडे असतात. मी मेडिकल प्लॅटूनची प्रमुख होते. त्यानंतर हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम या लष्करी शिष्यवृत्तीतून वैद्यकीय शिक्षण घेतले. पदवी मिळताच मेडिकल कोरमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या कोरमध्ये, कॅप्टन म्हणून नेमणूक होईल आणि लष्करी रुग्णालयातच इंटर्नशिप सुरू होईल.

हुद्दा ठरवण्याच्या कागदावर मला वैद्यकीय पदवीबद्दल ४ वर्षे दिली आहेत आणि आधीच्या सेवेच्या रकान्यात शून्य लिहिले आहे. विचारणा केल्यावर संबंधित कर्मचाऱ्यांनी सांगितले की पदवीची ४ वर्षे मिळाली असल्यामुळे जुनी सेवा त्यातच सामावली गेली. उत्तर सौजन्याने दिले होते, पण त्याला आधार कशाचा आहे, हे मला कुठेच सापडलेले नाही.

मी वाचलेला आधार असा आहे. अमेरिकी संहितेच्या १० व्या शीर्षकातील कलम ५३३ म्हणते की पहिल्या नेमणुकीच्या वेळी हुद्दा आणि त्या हुद्द्यातील क्रम ठरवताना आधीची सक्रिय कमिशन्ड सेवा, म्हणजे अधिकारी म्हणून केलेली सेवा, जमेस धरावी. पदवीसारख्या उच्च शिक्षणाबद्दल जी सेवा केल्याचे मानले जाते, जिला आपण मानीव सेवा म्हणू, ती याखेरीज मिळते. मात्र जिला मानीव सेवा मिळत आहे, तिच्या आधीच्या कमिशन्ड सेवेचे श्रेय मर्यादित करण्याचा किंवा नाकारण्याचाही अधिकार त्याच कलमाने खात्याच्या सचिवांना दिला आहे, आणि माझे घोडे इथेच अडले आहे. माझ्या रकान्यातले शून्य या अधिकारातून आले आहे, की कोणी रकाना भरायचाच राहून गेला?

वरिष्ठांचे सल्लेही एकमेकांशी जुळत नाहीत. एका निवृत्त डॉक्टर अधिकाऱ्यांनी सांगितले की वैद्यकीय शिक्षणाची वर्षे पगारातही मोजली जातात. ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत, त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला.

मला पगारापेक्षा ज्येष्ठतेची काळजी अधिक आहे. ज्या ३ वर्षे ८ महिन्यांत मी रात्री-अपरात्री जखमींच्या वाहतुकीची जबाबदारी घेतली, ती कागदावर घडलीच नाहीत असे व्हावे, हे मनाला पटत नाही. तरीही जे नियमात बसत नाही ते मला नको. हुद्दा, पगार आणि निवृत्ती या तिन्हींत माझी जुनी सेवा कुठे किती धरली जाते, आणि कागदात चूक असेल तर ती कोणत्या टप्प्यावर दुरुस्त करून घ्यावी, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नात तीन स्वतंत्र खातेवह्या आहेत, आणि एकीतली नोंद दुसरीत आपोआप उतरत नाही. बहुतेक चुका या तीन वह्या एकत्र वाचल्यामुळे होतात.

पहिली वही हुद्द्याची. जवान म्हणून केलेली ४ वर्षे २ महिने इथे धरली जात नाहीत, कारण कलम ५३३ फक्त कमिशन्ड सेवेबद्दल बोलते. राहिली ३ वर्षे ८ महिने. संरक्षण खात्याची आरोग्य व्यवसायातील अधिकाऱ्यांसंबंधीची सूचना, क्रमांक ६०००.१३, या बाबतीत दोन प्रकार करते. ज्या कोरमध्ये किंवा व्यवसायात नेमणूक होत आहे, त्यातच आधीची कमिशन्ड सेवा झाली असेल तर दिवसाला दिवस मिळतो. दुसऱ्या कोरमधली असेल तर दिवसाला अर्धा दिवस. तुमचे काम वैद्यकीय स्वरूपाचे होते हे खरे, पण तुम्ही डॉक्टर म्हणून सेवा केलेली नाही, म्हणून अर्धाच हिशेब लागू होईल. ४४ महिन्यांचे २२ महिने होतात.

पदवीची ४ वर्षे तुम्हाला कॅप्टनपदापर्यंत आणतात. त्यावर उरलेले १ वर्ष १० महिने वाया जात नाहीत. कॅप्टनपदाची तारीख तेवढी मागे सरकते. मेडिकल कोरमध्ये कॅप्टनपदावर साधारणपणे ६ वर्षे गेल्यावर मेजरपद येते, त्यामुळे बढतीच्या मंडळापुढे तुमचे नाव तुमच्या वर्गमित्रांच्या जवळजवळ दोन वर्षे आधी जाईल. ‘सामावली गेली’ या उत्तराबद्दल माझे मत असे की एक खरा नियम चुकीच्या जागी लावला गेला आहे. एकच कालावधी दोनदा मोजता येत नाही, हा तो नियम. अधिकारी म्हणून सेवा करत असतानाच तुम्ही मानीव सेवा मिळवून देणारी पदवी घेतली असती, तर तो लागू झाला असता. तुमची सेवा एप्रिल २०२१ मध्ये संपली आणि वैद्यकीय शिक्षण त्यानंतर सुरू झाले, म्हणजे दोन्ही कालावधी एकमेकांवर येतच नाहीत.

दुसरी वही पगाराची, आणि इथे जवान म्हणून केलेली सेवा पूर्ण मोजली जाते. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तुमच्या नावावर ७ वर्षे १० महिने असतील, त्यामुळे मूळ वेतन ६ वर्षांवरील टप्प्याचे मिळेल आणि दोनच महिन्यांत ८ वर्षांवरील टप्पा लागेल. शिवाय जवान म्हणून सक्रिय सेवा ४ वर्षांपेक्षा जास्त असलेल्या कॅप्टनला ‘ओ-३ ई’ ही वेगळी वेतनश्रेणी मिळते. तुमच्याकडे २ महिने अधिक आहेत, तेव्हा ती तुम्हाला लागू होते. पहिल्या पगाराच्या पावतीवर हे ‘ई’ अक्षर आहे का, ते स्वतः पाहून घ्या. शिष्यवृत्तीची चार वर्षे मात्र पगारासाठी धरली जात नाहीत; १० व्या शीर्षकातील कलम २१२६ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. तुमचे निवृत्त अधिकारी आपल्या काळाबद्दल खरेच सांगत होते. १५ सप्टेंबर १९८१ रोजी अधिकाऱ्यांच्या सेवेसंबंधीचा नवा कायदा अमलात येईपर्यंत डॉक्टरांच्या वैद्यकीय शिक्षणाची वर्षे पगारासाठी जमेस धरली जात होती. त्यानंतर आलेल्यांसाठी ती सवलत बंद झाली.

तिसरी वही निवृत्तीची. २० वर्षांच्या सक्रिय सेवेत तुमची सगळी ७ वर्षे १० महिने येतात, शिष्यवृत्तीचा काळ येत नाही, आणि रेसिडेन्सी (इंटर्नशिपनंतरचे तज्ज्ञ प्रशिक्षण) लष्करात केली तर तीही येते. म्हणजे १२ वर्षे २ महिने उरतात. अधिकारी म्हणून निवृत्त होण्यासाठी एकूण २० वर्षांपैकी साधारणतः १० वर्षे कमिशन्ड सेवा लागते, आणि ती तुमच्याकडे आपोआपच होईल.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. मीही जवान म्हणून ६ वर्षे काढून पुढे डॉक्टर झालो. कमिशन्ड सेवा नसल्यामुळे मला हुद्द्यात एक दिवसही मिळाला नाही आणि पगारात मात्र पूर्ण सेवा मिळाली.

मला दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. हे सगळे श्रेय नेमणुकीच्या वेळीच ठरते, म्हणून शपथ घेण्याआधी आणि आदेश निघण्याआधी लेखी हरकत नोंदवा. हरकतीसोबत दोन्ही सेवांचे डीडी-२१४ (सेवा संपताना मिळणारा दाखला), कमिशनचा आदेश आणि कोर दाखवणारे आदेश जोडा, आणि कमिशन्ड सेवेचे श्रेय नाकारले असल्यास तो निर्णय कोणत्या नियमाखाली कोणी घेतला, हे लेखी मागा. अधिकार वापरून नाकारणे आणि रकाना रिकामा राहणे यांतला फरक या एका प्रश्नाने उघड होतो. आदेश निघून गेला तरी दार बंद होत नाही. भूदलाच्या अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे कलम १५५२ खाली अर्ज करता येतो, आणि चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. पण तिथे निर्णयाला फार वेळ लागतो आणि तोवर बढतीचे एखादे मंडळ होऊनही जाते, म्हणून त्या वाटेवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. २२ महिने मिळाले की तुम्ही मेजरपदाच्या मंडळापुढे रेसिडेन्सी संपते न संपते तोच उभ्या राहाल, आणि तोवरच्या तुमच्या मूल्यमापन अहवालांत बहुतेक शैक्षणिक अहवाल असतील. डॉक्टरांच्या बाबतीत मंडळे हे समजून घेतात, तरी दोनदा निवड न होणे ही कोणत्याही अधिकाऱ्यासाठी गंभीर बाब असते. २०१९ च्या संरक्षण कायद्याने कलम ६१९ मध्ये भर घातल्यापासून, प्रगत शिक्षणासारख्या कारणासाठी आपले नाव एखाद्या मंडळापुढे न ठेवण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे सचिवांच्या हाती असते. तेव्हा श्रेय घ्याच, पण त्या वर्षी आपला अहवालांचा संच कसा दिसेल, याचा विचार आतापासून करा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माझी सेवा डॉक्टरच्या व्यवसायातली नव्हती म्हणून अर्धीच धरली जाईल, हे वाचून क्षणभर वाईट वाटले. पण नंतर विचार केला, तेव्हा ते रास्त वाटले: प्लॅटून चालवण्याचा अनुभव मला अधिकारी म्हणून घडवतो, निदान करायला शिकवत नाही. शून्य मात्र रास्त नाही.

आज दोन्ही डीडी-२१४ शोधून काढले. कमिशनची तारीख आणि सेवा संपल्याची तारीख दोन्ही बरोबर आहेत. कोर दाखवणारा पहिल्या तुकडीचा आदेश तेवढा मिळत नाही, तो मानव संसाधन विभागाच्या ऑनलाइन नोंदींतून काढून घेते. हरकतीचा मसुदा लिहायला घेतला आहे. त्यात कलम ५३३ आणि सूचना ६०००.१३ यांचा उल्लेख करून २२ महिन्यांचा हिशेब दिवसांत मांडते आहे, आणि निर्णय कोणी व कोणत्या नियमाखाली घेतला, हा प्रश्न शेवटी न ठेवता पहिल्याच परिच्छेदात विचारते आहे. उत्तर आले की याच धाग्यावर लिहीन.