मदत हवी आहे: घरी हलका बॅकअप मेल सर्व्हर (दुसरा एमएक्स), पोर्ट २५ चं काय करू?

नमस्कार मंडळी,

काकांच्या दिवाळी अंकाचं मेलचं काम मी बघते. सर्व्हर दादरच्या कार्यालयात आहे. इमारत जुनी, मीटर तळमजल्यावर. हिंदमाताला पाणी तुंबलं की आमच्या मीटरच्या खोलीतही शिरतं, आणि ते ओसरेपर्यंत वीज बंद ठेवावी लागते. साहित्य यायचे दिवस नेमके जुलै-ऑगस्टचे.

मेल सहसा हरवत नाही, हे मला माहीत आहे. आरएफसी ५३२१ (मेल पाठवण्याचं प्रमाणित नियमपत्र) प्रमाणे पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान ४-५ दिवस प्रयत्न करत राहायचं असतं. पण काही तासांनी लेखकाला 'मेल अजून पोचलं नाही' अशी इंग्रजी सूचना जाते. मग सत्तरी ओलांडलेली मंडळी घाबरतात, तीच कथा पुन्हा पुन्हा पाठवतात, काकांना फोन लावतात. त्यांची ही धावपळ मला थांबवायची आहे. म्हणून मुलुंडला माझ्या घरी दुसरा एमएक्स (डोमेनचं मेल स्वीकारणारा सर्व्हर) हवाय: मेल घ्यायचं, रांगेत ठेवायचं, दादर सुरू झालं की पुढे पाठवायचं. मेलबॉक्स, वेबमेल काही नको.

रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक), एसडी कार्डाऐवजी एसएसडी, डेबियन (लिनक्स), पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर). राउटरसकट सगळं इन्व्हर्टरवर. दादरच्या एमएक्सचा प्राधान्यक्रम १०, घरच्याचा २० (लहान आकडा आधी). स्पॅमवाले मुद्दाम दुसऱ्या एमएक्सवर येतात, म्हणून खऱ्या पत्त्यांची यादी पोस्टफिक्सच्या रिले रेसिपियंट मॅप्समध्ये (कुणाकुणाचं मेल घ्यायचं ती यादी) घातली आहे. नाहीतर घरचा सर्व्हर वाट्टेल त्या पत्त्याचं मेल घेणार, दादर ते नाकारणार, आणि परतीचं मेल भलत्याच माणसाच्या माथी जाणार. ते मला अजिबात नको आहे. हस्तलिखितांचे स्कॅन जड असतात, म्हणून पोस्टफिक्सची मूळची साधारण १० एमबीची मर्यादाही दोन्हीकडे सारखीच वाढवली आहे.

अडलंय ते पुढे. राउटरच्या वॅनला (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.६४ ने सुरू होणारा आयपी दिसतो, म्हणजे सीजीनॅट (अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी). बाहेरून कुणी आत येऊच शकत नाही. पैसे भरून स्थिर आयपी मिळेल, पण पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) उघडं असेल का, याचं उत्तर कस्टमर केअर देत नाही. घरून दादरला मी दुसऱ्या पोर्टवरून पाठवीन. आत येणाऱ्या मेलला मात्र २५ च लागतं, एमएक्समध्ये पोर्ट सांगता येत नाही.

१. मुंबईत घरगुती ब्रॉडबँडवर आत येणारं २५ कुणाला मिळालंय का? अर्ज कसा केलात?
२. छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन वायरगार्डने (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर) घरापर्यंत बोगदा काढता येईल. पण व्हीपीएस घ्यायचाच तर रांगही तिथेच ठेवावी, असं मला वाटतं. घरी ठेवण्याचा काही खरा फायदा उरतो का?
३. घरून गेलेलं मेल दादरला एसपीएफमध्ये (पाठवणाऱ्या आयपीला त्या डोमेनची परवानगी आहे का, ही तपासणी) नापास होणार. त्यासाठी घरच्या आयपीला एसपीएफ तपासणीतून वगळणं पुरेसं आहे, की स्पॅमची चाळणी घरीच लावावी?

पाऊस सुरू व्हायच्या आत हे उभं करायचं आहे. कुणाकडे चालू असलेली मांडणी असेल तर पोस्टफिक्सची मुख्य फाइल डोमेनचं नाव काढून इथे टाकाल का?