ओल्म आणि लांबकान्या जर्बोआ: एका पोस्टरवर तुलना कशी मांडावी?

प्रश्न: एम.एस्सी.च्या पोस्टरसाठी स्लोव्हेनियाच्या गुहांतला ओल्म (पाण्यात राहणारा सॅलॅमँडर, म्हणजे शेपटीवाला उभयचर) आणि गोबी वाळवंटातला लांबकान्या जर्बोआ (उड्या मारणारा, उंदरासारखा प्राणी) निवडलेत. कागद ए३. 'एकाला पाणीच पाणी, दुसऱ्याला थेंबही नको' हा मुद्दा मध्यभागी ठेवू का?

उत्तर १: नको, तिथेच घोटाळा आहे. 'पाणी न पिता कोरड्या बियांवर जगणारा उंदीर' म्हणजे अमेरिकेतला कांगारू उंदीर, त्याचं कुळही वेगळं. दोघं सारख्याच उड्या मारतात म्हणून माहितीची सरमिसळ होते. लांबकान्या मुख्यतः किडे खातो, आणि किड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्याची सोय भक्ष्यातूनच होते. बियांचं गणित त्याला लावू नका.

मध्यभागी ऊर्जा ठेवा. ओल्म वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत एक ओल्म 2,569 दिवस जवळपास एकाच जागी सापडत राहिला. प्रौढ व्हायला त्याला साधारण 15 वर्षं लागतात आणि मादी सरासरी साडेबारा वर्षांनी एकदा अंडी घालते. जर्बोआचं शरीर उष्णरक्ताचं आणि चिमुकलं, त्याला वरचेवर शिकार हवीच.

उत्तर २: चित्रं मूळ आकारातच काढा. ओल्म 20 ते 30 सेंमी. जर्बोआचं डोक्यासह धड 7 ते 9 आणि शेपटी 15 ते 16, म्हणजे एकूण लांबी जवळपास सारखीच. ए३ आडवा धरला तर 42 सेंमी रुंदी मिळते, एकाखाली एक आरामात बसतात. चुकतं ते बोटांत. ओल्मला पुढे 3, मागे 2. जर्बोआच्या मागच्या पायाला 5, त्यांतली कडेची दोन आखूड. कान डोक्याहून मोठे हवेत. छोटे गोल कान दिसले तर तो फोटो बटू जर्बोआचा समजा.

उत्तर ३: ओल्म 'आंधळा' एवढंच लिहून थांबू नका. डोळे कातडीखाली गेलेत, पण वास, पाण्यातली कंपनं आणि क्षीण विद्युत क्षेत्रं त्याला कळतात. जर्बोआचे कान याच रांगेत बसतात, दोघंही अंधारातले. शिवाय स्लोव्हेनियातल्याच बेला क्रायिना भागातला काळा ओल्म (वर्णन 1994) डोळस आहे, परीक्षक हमखास तोच विचारतील. ओल्मचे बाहेरचे कल्ले मोठेपणीही राहतात, ते गुलाबी रंगवा.