आजोबांनी आणलेली जपानी लष्करी तलवार: ओळख कशी पटवावी आणि संग्रहाची सुरुवात कशी करावी?

प्रश्न (अमळनेर)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. परतताना त्यांनी आणलेली जपानी तलवार आमच्या माडीवरच्या लाकडी पेटीत तेव्हापासून आहे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघते, तिच्यावर हळद-कुंकू वाहिले जाते आणि ती पुन्हा पेटीत जाते. मुठीवर पांढऱ्या खरखरीत कातड्यावरून तपकिरी फीत गुंडाळलेली आहे, परजेवर, म्हणजे मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या चकतीवर, फुलांची नक्षी आहे, म्यान धातूचे असून त्याला एकच कडी आहे. पेटीत माझ्या वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: “सांगशाक, मार्च १९४४.” सांगशाक म्हणजे मणिपुरातील लढाईचे ठिकाण.

गेल्या वर्षी पात्यावर कुंकवाच्या जागी तांबूस ठिपके दिसू लागले, म्हणून मी शहरातील एका पॉलिश करणाऱ्याला ती दाखवली. मूठ काढून आतला गंजही घासून सगळे पाते नव्यासारखे करून देतो, असे त्याने सांगितले आहे. हे करावे का? शिवाय या तलवारीमुळे मला या विषयाची ओढ लागली आहे आणि आणखी एखादी तलवार घ्यावी असे मनात आहे. एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने नंबर कोरलेली एक तलवार दाखवली आहे. अस्सल-नक्कल कसे ओळखावे?

उत्तर (धुळे)

दादा, सर्वांत आधी एक कळकळीची विनंती: मुठीच्या आतला गंज कोणालाही घासू देऊ नका. मुठीत दडलेल्या पात्याच्या त्या भागाला जपानी लोक नाकागो म्हणतात, आणि तलवारीचा सगळा पत्ता तेथेच लिहिलेला असतो. लोहाराची सही, तारीख, तपासणीचे शिक्के आणि गंजाचा रंग यांवरूनच जाणकार तिचे वय ठरवतात. तो गंज गेला की तो पुन्हा कोणालाही आणता येत नाही. माझ्या संग्रहातील पहिल्या तलवारीचे मी स्वतः हेच नुकसान होऊ दिले. एका कारागिराने ती मला चकचकीत करून परत दिली, तेव्हा सहीच्या जागी केवळ दोन पुसट रेघा उरल्या होत्या.

आपल्या वर्णनावरून ही १९३८ साली स्वीकारलेली अधिकाऱ्यांची तलवार वाटते. जपानी लष्कराने १९३४ साली पाश्चात्त्य धाटणीची मूठ सोडून जुन्या परंपरेतील रूप पुन्हा आणले. त्या नमुन्याच्या म्यानाला दोन कड्या असत, १९३८ च्या नमुन्याला एकच. जपानी शककालाप्रमाणे ही वर्षे २५९४ आणि २५९८ होत, म्हणून संग्राहक त्यांना ९४ आणि ९८ क्रमांकाचे नमुने म्हणतात. मुठीवरचे पांढरे कातडे पाकट माशाचे असते, आणि नक्षीतील फूल चेरीचे. मुठीला गोंडा बांधलेला असेल तर त्याचा रंगही पाहा: तपकिरी-निळा कनिष्ठ अधिकाऱ्याचा, तपकिरी-लाल मेजर ते कर्नल दर्जाचा, आणि सोनेरी छटेचा सेनापतीचा.

मूठ काढणे अवघड नाही. परजेजवळ बांबूची एक खुंटी असते, कधी दोन. ती एका बाजूने निमुळती असल्यामुळे बारीक टोकाकडून लाकडी काडीने हलकेच ढकलावी. मग डाव्या हाताने मूठ धरून तलवार सरळ उभी करावी आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके द्यावेत, म्हणजे पाते आपोआप सैल होते. हातोडा वापरू नये. आतील परज आणि चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवाव्यात, कारण अनेकदा त्यांवर एकच जुळणीचा आकडा ठोकलेला असतो आणि तो जुळला तर सर्व भाग मूळचे असल्याची खात्री वाढते.

नाकागोवर छोटा तपासणीचा शिक्का असेल तर बहुधा ते गिफू प्रांतातील सेकी शहराच्या बाजूचे, युद्धकाळात मोठ्या संख्येने घडवलेले पाते असेल. ताऱ्याचा शिक्का असेल तर ते लष्कराने मान्य केलेल्या लोहाराने पारंपरिक पोलादापासून घडवलेले असते. काही अधिकाऱ्यांनी घराण्यातील शतकानुशतके जुनी पातीही लष्करी मुठीत बसवून रणांगणावर नेली होती, म्हणून नाकागो न पाहता निष्कर्ष काढू नये. तारखेचा फोटो येथे द्यावा, तो वाचून सांगेन.

विक्रेत्याची नंबरची तलवार १९३५ सालच्या हवालदार दर्जाच्या नमुन्याची म्हणून दाखवली जात असावी. त्या तलवारीचे पाते यंत्राने बनवलेले असते, मूठ बहुतांशी ॲल्युमिनियमची ओतीव असून तिच्यावर गुंडाळलेल्या फितीचा आभास रंगाने आणलेला असतो, आणि पात्यावरचा नंबर म्यानावरच्या नंबराशी जुळायला हवा. नकलांमध्ये आकडे ओबडधोबड, रंग सारखा आणि पात्यावरची खोबण वेडीवाकडी असते. घाई करू नका. पहिली तलवार नीट समजली की दुसरी ओळखायला डोळे तयार होतात.

उत्तर (भुसावळ)

आयुष्यभर धातुकामात राहिलो, म्हणून फक्त पात्याविषयी लिहितो. पारंपरिक जपानी लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देऊन धारेकडे तो पातळ ठेवतात आणि मग पाण्यात विझवतात. त्यामुळे धार कठीण होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर दुधी रेघ उमटते. युद्धकाळातील पुष्कळ पाती तेलात विझवलेली आहेत, आणि त्यांची रेघ अधिक साधी व निर्जीव दिसते. पाते उन्हात न धरता एका दिव्याखाली तिरपे करून पाहावे, म्हणजे ती दिसते. चिंच, राख, लिंबू किंवा पॉलिश पेपरने घासल्यास हीच रेघ जाते.

खंडेनवमीची पूजा सोडावी असे मी म्हणणार नाही. ती आपल्या घरची रीत आहे. मात्र कुंकू म्यानाला लावावे, पात्याला लावू नये. ओल्या कुंकवाखाली चार महिन्यांत गंज धरतो. बोटांचा घामही तसाच वाईट. मऊ सुती कापडाने पुसून शिलाई मशीनचे पातळ तेल अगदी थोडे लावावे. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल नको, ते चिकट होते. जपानात लवंगेच्या सुगंधाचे पातळ तेल वापरतात, त्याचे काम मशीनचे तेल करते. वैशाखाच्या उन्हात आपल्याकडे म्यानातील लाकूड आकसते आणि पावसाळ्यात ओल धरते, म्हणून मृग लागण्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याला एकदा तेल बदलावे.

उत्तर (जळगाव, वकील)

कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडते, आणि शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात ती बाळगण्यास परवाना लागतो. म्हणून आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. तलवार मिरवणुकीत घेऊन जाऊ नये आणि परवानगीविना परदेशातून मागवू नये. शंभर वर्षांहून जुने पाते निघाले तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार करावा लागेल. जपानात पाठवून तज्ज्ञाला दाखवण्याचा विचार मात्र टाळा: तेथे पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारींचीच नोंदणी होते, यंत्राने बनवलेली लष्करी तलवार जप्त होऊ शकते.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पॉलिशवाल्याला नकार कळवला. काल सांगितल्याप्रमाणे खुंटी काढली. ती इतक्या वर्षांनीही सहज निघाली. आतला भाग गर्द तपकिरी आहे, एका बाजूला दोन ओळीत सही असावी अशी अक्षरे, आणि सहीच्या वर छोटा शिक्का. दुसऱ्या बाजूला अक्षरांची एक ओळ आहे, तिच्यात अधिकच्या चिन्हासारखी एक खूण ओळखू येते, आणि खाली छपराच्या दोन उतरत्या पाखांसारख्या, वर एकमेकांना न भिडणाऱ्या दोन रेघा आहेत. फोटो जोडला आहे. परज आणि चकत्या यांवर एकच आकडा आहे.

उत्तर (धुळे)

आकडे जुळले ही आनंदाची गोष्ट. तारीख स्पष्ट आहे. पहिली दोन अक्षरे ‘शोवा’ ही आहेत, म्हणजे सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीच्या कालगणनेचे नाव. अधिकचिन्ह म्हणजे दहा, त्याखाली नऊ, म्हणजे शोवा १९, आणि पाखांसारख्या दोन रेघा म्हणजे आठवा महिना. शोवा कालगणनेत १९२५ मिळवले की आपले वर्ष येते, म्हणून हे पाते ऑगस्ट १९४४ चे आहे.

दादा, याचा अर्थ चिठ्ठीवरची नोंद तलवारीशी जुळत नाही. आपल्या आजोबांची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये सांगशाकला लढली, त्याविषयी शंका नाही, पण ही तलवार तेव्हा घडलीच नव्हती. जपानच्या शरणागतीनंतर आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सरसेनापती माउंटबॅटन यांच्या आज्ञेने जपानी अधिकाऱ्यांकडून समारंभाने तलवारी घेतल्या गेल्या, आणि त्या काळातील पुष्कळ तलवारी भारतीय सैनिकांकडे आल्या. आपल्या आजोबांचे सेवापुस्तक किंवा बटालियनच्या नोंदी १९४५ च्या अखेरीपर्यंत शोधाव्यात. चिठ्ठी मात्र फेकू नये.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

ऑगस्ट १९४४ वाचून थोडा वेळ सुन्न झालो, पण माझ्या आत्याला विचारले. ती म्हणाली की आजोबा सांगशाकविषयी कधी बोलत नसत, आणि तलवार “हार मानलेल्याने दिली” एवढेच सांगत. सांगशाकचे नाव वडिलांनी इतरांच्या बोलण्यावरून लिहिले असावे. जुनी चिठ्ठी पेटीतच ठेवली आहे. तिच्याशेजारी नवीन कागदावर पाते, शिक्का, तारीख आणि आत्याचे वाक्य लिहिले आहे. पोलीस ठाण्यातील अर्ज उद्या देतो, आणि विक्रेत्याची नंबरची तलवार तूर्त पाहायला जात नाही.