पार्कात फुकट वायफाय पाहिजेच का? (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी, ए-१०१: वॉटर पार्कच्या सहलीला ३४ घरांचा होकार आलाय. त्यात एक नवी मागणी आली आहे: 'फुकट वायफाय असेल तेच पार्क निवडा.' बोला आता.

ए-३०३: मागणी माझीच. माणशी हजाराच्या वर तिकीट घेतात, मग वायफाय द्यायला काय होतंय? द्यायलाच पाहिजे.

सी-१०२: भावा, देऊ देत की. पण चाललं पायजे. न चालणारं फुकट वायफाय नसण्यापेक्षा वाईट. फोन एकदा वायफायला चिकटला की स्वतःचा डेटा बाजूला ठेवतोय. वर काड्या फुल, मागं लाइन मेलेली, आणि वडापावच्या काउंटरवर यूपीआयचं चक्र नुसतं फिरतंय.

सी-४०१: डेटा तर आता सगळ्यांकडेच आहे. रेल्वे स्टेशनांवरचं गुगलचं वायफाय २०१६ ला मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, २०२० ला गुगलनं हात काढून घेतला. कारण काय दिलं? मोबाइल डेटा स्वस्त झाला. मग पार्कवाल्यानं कशाला खर्चात पडायचं?

बी-२०४: काकू, रेल्वेच्याच रेलटेल कंपनीनं ते पुढं चालू ठेवलंय. रोज पहिली ३० मिनिटं फुकट, १ एमबीपीएस वेगानं, नंतर पैसे. आणि रिचार्ज असला म्हणजे नेट मिळतंच असं नाही. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर रिचार्ज सगळ्यांचाच असतो, टॉवर मात्र तेवढेच. पार्कचंही तसंच. गावाबाहेर जागा, टॉवर आसपासच्या वस्तीच्या हिशोबानं उभा केलेला, आणि रविवारी तिथं ४,००० माणसं.

ए-३०३: म्हणजे ताई माझ्या बाजूनं 😀

बी-२०४: अर्धी. सगळ्या पार्कभर वायफाय पसरायची गरज नाही. घसरगुंडीवर, वेव्ह पूलमध्ये फोन कोण नेतंय? फोन हातात असतो तो गेटवर, लॉकरपाशी, फूड कोर्टात आणि लांब रांगेत. तेवढंच करा, पण दणकून करा.
हिशोब बघा. ४,००० पैकी एका वेळी १,००० जोडलेले धरा. त्यातले खरंच काहीतरी उघडून बसलेले २००. प्रत्येकी ३ एमबीपीएस म्हणजे ६०० एमबीपीएस. तेव्हा १ जीबीपीएसची (१,००० एमबीपीएस) लीज्ड लाइन, म्हणजे फक्त पार्कसाठीची, आणि दुसऱ्या कंपनीची एक राखीव, तीही वेगळ्या रस्त्यानं आलेली. एका ॲक्सेस पॉइंटवर (वायफाय सोडणारं यंत्र), त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, ५० च्या वर माणसं धरू नका. म्हणजे २० पॉइंट, तेही गर्दीच्या जागीच.

सी-१०२: ताईंचं बरोबर. लोक काय करतायत, एकच दांडगा राउटर उंच खांबावर चढवतायत आणि 'पूर्ण पार्क कव्हर' म्हणून बोर्ड लावतायत. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचतोय, फोनचा बारका आवाज परत पोचत नाही. वर माणसाचं अंग म्हणजे पाणीच, सिग्नल पिऊन टाकतंय. ४-५ मीटर उंचीवर, खाली तोंड केलेला ॲंटेना लावायचा. आणि पत्र्याच्या शेडच्या वर कधीच नाही, खालीच.
नेटची तांब्याची केबल चांगली कॅट-६ असली तरी १०० मीटरच्या पुढं नाही, पुढं फायबर. फायबरचा आणखी एक फायदा, वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या केबलमधनं झटका येऊन स्विचचे (सगळ्या केबली जोडायच्या यंत्राचे) पोर्ट जळतात. फायबरला ती भानगड नाही. वॉटर पार्कात क्लोरीनची हवा असते, केबलच्या टोकाचा उघडा आरजे-४५ जोड लवकर हिरवा पडतो. म्हणून आयपी-६७ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा डबा, ग्लँड (केबल आत घ्यायचं घट्ट बूच) खालच्या बाजूला, आणि केबल आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतंय. उंदरांनी केबल कुरतडू नये म्हणून ती वेगळ्या पाइपातनं न्यायची.

सी-४०१: एवढं सगळं करून सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं, ते का?

बी-२०४: बऱ्याचदा आयपी पत्ते संपतात, म्हणजे वायफाय प्रत्येक फोनला देतं ते नंबर. साध्या सेटिंगला २५४ पत्ते, आणि एकेक पत्ता २४ तास अडकून. लॉकरमध्ये पडलेला फोनसुद्धा तो धरून बसतो. मग २५५ व्या माणसाला नुसतं 'आयपी पत्ता मिळवत आहे'. उपाय फुकट आहे: पत्त्यांचा साठा ४,०९४ चा करा आणि पत्ता धरून ठेवायची मुदत १ तासावर आणा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे, म्हणून गर्दी ५ गिगाहर्ट्झवर ढकला, आणि तिथं चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ८० ठेवली की स्पीड टेस्ट झकास, पण चॅनेल कमी पडून गर्दीत बोंब. १ ते ११ एमबीपीएसचे जुने संथ वेग बंद करा, नाहीतर लांब पार्किंगमधनं रखडत जोडलेला एक रडका फोन सगळ्यांचा वेळ खातो.
आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे बॅकअप. वायफाय दिसलं की फोनला वाटतं घरी आलो. दिवसभराचे व्हिडिओ वर चढवायला लागतो, ॲप अपडेट करतो. त्याला आणि माणशी वेगाला लगाम घालायलाच लागतो.

बी-५०२: नियमाचं सांगतो. सार्वजनिक वायफायवर कोण बसलंय ते ओळखायलाच हवं, फोटो ओळखपत्र किंवा एसएमएस. दूरसंचार खात्याचा २००९ चा आदेश आहे. आणि तिथंच गंमत: टॉवर तुंबलाय म्हणून वायफाय, आणि वायफायचा ओटीपी त्याच तुंबलेल्या टॉवरवरून येणार! म्हणून आदल्या दिवशी तिकिटाच्या एसएमएसमध्येच लॉगिन आणि पासवर्ड पाठवावा. छोट्या पार्काला डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली सरकारची सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना सोयीची. त्यात पीडीओ, म्हणजे जागेवर वायफाय देणारा, व्हायला लायसन्स लागत नाही, ओळख पटवायचं काम योजनेचा ॲपवाला आणि वरचा ॲग्रिगेटर (अनेक पीडीओ सांभाळणारी कंपनी) बघतात.

ए-३०३: व्हय काका, पण पोरांच्या फोनमधनं पैसे-बिसे जायचे नाहीत ना?

बी-५०२: यूपीआय ॲपची देवाणघेवाण एन्क्रिप्टेड असते, उघड्या वायफायवर कुणी सहज वाचत नाही. धोका नकली नावाचा. पार्कच्या नावाशी मिळतंजुळतं वायफाय कुणी फोनवरूनही चालू करतो. लॉगिनच्या पानावर कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन मागितला की लगेच बाहेर पडायचं. पार्कनं स्वतःची कार्ड मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कचा तोडलेला स्वतंत्र भाग) ठेवावीत आणि पाहुण्यांचे फोन एकमेकांना दिसणार नाहीत असं सेटिंग करावं.

सी-४०१: मग सहलीपुरतं सांगा, करायचं काय?

सी-१०२: काकू, निघायच्या आधी तिकिटाचा क्यूआर स्क्रीनशॉट मारून ठेवायचा, गॅलरीचा बॅकअप बंद. पैसे देताना चक्र फिरलं तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा बघायचं. पैसे कापले गेल्याचा मेसेज आला असेल तर मात्र दुसऱ्यांदा मारू नका. माणशी २०० रुपये रोख. पोरांना भेटायची जागा लॉकरचं काउंटर, फोनवर भिस्त नको.

बी-२०४: आणि पार्कवाल्याला फोन करून 'वायफाय आहे का' विचारू नका, 'आहे' म्हणणारच. 'रविवारी दुपारी १ ला फूड कोर्टात चालतं का, आणि लॉगिनचा एसएमएस कधी येतो' असं विचारा.

सेक्रेटरी, ए-१०१: मी विचारतो. पण ओटीपीचं नंतर, बसच्या ॲडव्हान्सचे पैसे अजून ११ घरांचे यायचेत. मागणीवाल्या ए-३०३ चे पण.

ए-३०३: टाकतो साहेब. नेट नव्हतं 🙈