साक्षीत औषधाचे नाव का येत नाही?

जुना शिक्षक (जालना जिल्हा)

सर्वांना जय ख्रिस्त. उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या मंडळीतील एका भगिनीने साक्ष दिली, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगितले. वर्षाच्या सुरुवातीला जिला दोघांनी धरून उपासनेला आणावे लागत असे, ती त्या दिवशी स्वतः चालत पुढे आली. छातीचे दुखणे प्रभूने मुळासकट काढले, पाळकसाहेबांनी तेल लावून प्रार्थना केली आणि तिसऱ्या शुक्रवारच्या उपवासानंतर खोकला थांबला, असे तिने सांगितले. मंडळीने हालेलुया म्हटले आणि मीही मनापासून म्हटले. मात्र मला ठाऊक असलेली एक गोष्ट त्या साक्षीत कुठेच आली नाही. तिला क्षयरोग होता आणि सहा महिने आरोग्य केंद्रातून येणाऱ्या गोळ्या मीच तिच्या हातात ठेवत होतो, कारण तिच्या उपचारावर लक्ष ठेवणारा गावातला माणूस म्हणून माझे नाव तिच्या कार्डावर होते.

एवढ्यावर भागले असते तर मी लिहिले नसते. पुढे तीन आठवड्यांनी शेजारच्या वस्तीवरील एका तरुणाने, ज्याला हाच आजार आहे, दुसऱ्या महिन्यातच गोळ्या बंद केल्या. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, तिला प्रार्थनेनं झालं, मग मलाच का गोळ्या?” या आजारात पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते, पण जंतू अजून शरीरात असतात आणि अर्धवट सोडलेल्या उपचारामुळे ते औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. म्हणजे साक्ष द्यावीशी वाटण्याची वेळ आणि गोळ्या सोडाव्याशा वाटण्याची वेळ नेमकी एकच येते.

आपल्या भागात देऊळ (चर्च) आणि दवाखाना बरोबरीने आले. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, आणि स्कॉटिश मिशनने जालन्यात जसे देऊळ बांधले तसे रुग्णालयही चालवले. त्या परंपरेतील आपण साक्ष देताना औषध का गाळतो? जो कोणी बरे झाल्याची साक्ष देईल त्याने घेतलेले उपचारही त्याच दमात सांगावेत, आणि पाळकांनी तसा नियमच करावा, असे माझे मत आहे.

शास्त्रपाठी (बीड)

मास्तर, आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, परंतु नियमाला माझा स्पष्ट विरोध आहे. साक्ष म्हणजे रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारा कागद नव्हे. ज्या स्त्रीला आयुष्यात चार माणसांपुढे बोलण्याची संधी मिळाली नाही, ती प्रथमच उभी राहून आपल्या देवाचे उपकार मोजते, आणि आपण तिला मध्येच थांबवून कोणती गोळी किती दिवस घेतली हे विचारणार काय?

शिवाय दवाखान्यावरचा आपला भर हा ज्याला दवाखाना गाठता येतो त्याचा भर आहे. आमच्या मंडळीतील निम्मी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडात कोणी आजारी पडले तर खाडा पडतो आणि मुकादम त्याचे पैसे उचलीतून कापतो, त्यामुळे ताप अंगावर काढणे हाच तेथील रिवाज आहे. लहानपणी मी आईवडिलांबरोबर फडावरच्या कोपीत (झोपडीत) राहिलो आहे. एका रात्री वडिलांचा ताप उतरत नव्हता, गाडी नव्हती, पैसा नव्हता. आईने डोक्यावर पदर घेऊन पहाटेपर्यंत प्रार्थना केली आणि उजाडताना वडिलांना घाम फुटला. डॉक्टर याला काहीही म्हणोत. त्या रात्री आमच्याजवळ दुसरे काहीच नव्हते, आणि जे होते ते पुरले.

आणि शास्त्र काय म्हणते? आसा राजाच्या पायांना रोग झाला तेव्हा त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधले, ही त्याची निंदा बायबलातील दुसऱ्या इतिहासाच्या १६व्या अध्यायात लिहिलेली आहे. याकोबाच्या ५व्या अध्यायात दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठांना) बोलावून प्रार्थना व तेल लावून घ्यावे असे आहे. तेथे वैद्याचा उल्लेख नाही.

जुना शिक्षक (जालना जिल्हा)

आसाचा दोष वैद्याला बोलावण्यात नव्हता, परमेश्वराला वगळण्यात होता. हिज्कीया राजा मरणाला टेकला असता त्याची प्रार्थना ऐकली गेली, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. पौलाबरोबर वैद्य लूक होता, आणि तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांसाठी त्याच पौलाने थोडा द्राक्षारस घेण्यास लिहिले. याकोबाच्या तेलाविषयी बोलायचे तर प्रभूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर जे ओतले ते तेल आणि द्राक्षारसच होते. त्या काळच्या माणसाला तेल ऐकताच औषध आठवत असणार, असे मला वाटते.

माझा खरा आधार मात्र वेगळाच आहे. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांना प्रभूने सांगितले, “जा, आणि आपणांस याजकांना दाखवा.” लेवीयच्या नियमाप्रमाणे बरे झालेल्याला तपासून शुद्ध ठरवण्याचे काम याजकाचे होते. ज्याने बरे केले त्यानेच तपासणीला पाठवले. मग आपण तपासणीला एवढे का बिचकतो?

विवेकमार्गी (परभणी)

मी ख्रिस्ती नाही, आणि आपल्या घरातील चर्चेत बोलतो आहे याची जाणीव ठेवून लिहितो. प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला होता, त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, पण होईल की नाही हे ज्यांना निश्चित सांगितले नव्हते, अशा दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के होते.

दुसरे असे की, महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा कोणालाही इजा न करणाऱ्या उपासनेच्या आड येत नाही, परंतु साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरवले आहे. हा कायदा अमुक एका धर्मासाठी नाही. आमच्याकडे भगताकडे नेलेली माणसे मी पाहिली आहेत आणि चंगाई (आजार बरे करण्याच्या) सभेच्या मंडपात नेलेलीही. मंडपातील दिव्यांचा झगमगाट सोडला तर मला दोहोंत फार अंतर दिसले नाही.

छावणीकर (छत्रपती संभाजीनगर)

परभणीकर, आकडे बरोबर आहेत, पण त्या प्रयोगात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे केवळ पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर दिले होते, आणि म्हणायचे वाक्यही ठरवून दिले होते. आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरातील कुटुंबांत) कोणी आजारी पडले तर प्रार्थना करणारी बाई डबा घेऊन घाटी या सरकारी रुग्णालयात जाते, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपते, सकाळी केसपेपरच्या रांगेत उभी राहते, आणि या सगळ्याच्या मधल्या फटींत तिचा जपमाळेचा जप चालू असतो. यातील प्रार्थना वेगळी काढून मोजणारी तागडी मला तरी ठाऊक नाही. त्या प्रयोगाने अनोळखी माणसाची मागणी मोजली, एवढेच मी मान्य करीन.

मास्तरांच्या बाजूनेही एक सांगतो. आम्हा कॅथलिकांमध्ये फ्रान्समधील लूर्द हे बरे होण्यासाठी जगप्रसिद्ध तीर्थ आहे, आणि तेथे १८८३पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. औषधाने बरे झाले असण्याची शक्यता असेल तर ती घटना चमत्कार म्हणून पुढे जात नाही. बरे होणे तडकाफडकी आणि कायमचे असावे लागते. दीडशेहून अधिक वर्षांत हजारो लोकांनी आपण बरे झाल्याचे कळवले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरीच्या आसपासच आहेत. आमच्या एका चंगाई सभेच्या फलकावर एका रात्रीत त्याहून अधिक घटनांचे आश्वासन असते.

परिचारिका (लातूर)

दोन्ही बाजूंचे पुरुष शास्त्रार्थात रमले आहेत, म्हणून थोडे रोखठोक लिहिते. क्षयाच्या रुग्णांबरोबर माझी बरीच वर्षे गेली आहेत. गोळ्या सुटतात त्या केवळ साक्षीमुळे सुटत नाहीत. पहिल्याच दिवसांत लघवी केशरी-लाल होते आणि ती रिफाम्पिसिनमुळे होते हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून माणूस घाबरतो. मळमळते, आणि उपाशीपोटी गोळ्या गिळवत नाहीत. पोषणासाठी शासन महिन्याला १,००० रुपये देते, पूर्वी ५०० होते, पण ते बँक खात्यात येतात आणि खाते पाहायला तालुक्याला जायचे तर एक रोज बुडतो. पाळकांनी नियम करण्याऐवजी गोळी घ्यायच्या वेळी भाकरी पोचवली तर अधिक उपयोग होईल.

आणि मास्तर, रागावू नका, पण आपल्याला त्या बाईचा आजार तिच्या कार्डामुळे कळला. तो विश्वास होता. तो आजार तिने देवळात सगळ्यांसमोर सांगावा अशी अपेक्षा ठेवणे, आणि येथे तो लिहूनही टाकणे, हे मला मुळीच पटलेले नाही. तिने तो का सांगितला नाही, हे आपण तिला विचारले का?

एक आई (नांदेड)

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. रक्ताचा आजार होता. आम्ही औषधोपचारही केले आणि प्रार्थनाही केली. दोन्हींत कसूर ठेवली नाही. तो गेल्यानंतर बाराव्या दिवशी घरी आलेल्या मंडळीच्या एका सेवकाने (धर्मोपदेशकाने) मला सांगितले की, घरात कोणाचा तरी विश्वास डळमळला असला पाहिजे. डॉक्टरांनी असे काही म्हटले नाही. त्यांनी फक्त, आमचे उपाय संपले, एवढेच सांगितले होते.

आपल्या चर्चेत बरे झालेल्यांच्या साक्षीचा विचार आहे. बरे न झालेल्यांची साक्ष कधी ऐकली आहे का? पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले तेव्हा प्रभूने ते त्याचेही नाही व त्याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर दिले. मी अजूनही प्रार्थना करते. लोकांना त्याचे नवल वाटते. मला बरे करणारा देव पाहिजे होता म्हणून मी देवळात जात नव्हते, आणि आता तरी का थांबावे? पण साक्षीसाठी पुढे बोलावतात तेव्हा मी मागच्या बाकावर बसून राहते, कारण माझ्याजवळ जे आहे ते सांगायला तेथे जागा नाही.

शास्त्रपाठी (बीड)

नांदेडच्या ताई, त्या सेवकाने जे म्हटले ते शास्त्राला धरून नव्हते. मीही एकेकाळी एका घरात जवळपास तसेच बोललो आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याची माझी योग्यता नाही.

तरीही नियमाला माझा विरोध कायम आहे. सक्तीने खरे बोलवून घेतले की ते जबाबासारखे होते.

जुना शिक्षक (जालना जिल्हा)

लातूरच्या भगिनीचा प्रश्न मला बोचला, म्हणून काल संध्याकाळी त्या बाईच्या घरी गेलो. पहिल्यांदा, येथे लिहिल्याबद्दल क्षमा मागितली. गावाचे आणि तिचे नाव नसले तरी आजाराचे नाव मी लिहायला नको होते. ती रागावली नाही. पुढचेही लिहू का, असे विचारल्यावर लिहा म्हणाली. मग गोळ्यांचे का सांगितले नाही, हे विचारले.

तिला वाटले होते की मला ते कळले असेल. ती म्हणाली, “गोळ्यांचं नाव काढलं असतं तर दुखणं कळलं असतं मास्तर, अन् लेकीचं जमायचं होतं. सोयरे पुढच्या बाकावर बसले होते.” प्रभूने बरे केले आणि गोळ्यांनी बरे केले यांत तिला काही वैर दिसत नव्हते, रोज गोळी तोंडात टाकण्यापूर्वी ती डोळे मिटून प्रार्थना करत असे, हे मी स्वतः सहा महिने पाहिले होते आणि पाहूनही विसरलो होतो. इतके दिवस मी ज्याला विश्वासाचा अतिरेक समजत होतो, ती एका आईची लाज होती, किंवा लाजही नव्हे, हिशेब होता.

त्यामुळे नियमाची सूचना मी मागे घेतो. मात्र बीडच्या बंधूंनी हे आपल्या बाजूचे समजू नये. देवळातून क्षयाचे नाव मोकळेपणाने घेतले गेले असते तर तिला ते लपवावे लागले नसते. पाळकसाहेबांनीच पुढल्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत मधुमेह, क्षय, कर्करोग ही नावे घेऊन, गोळ्या घेणाऱ्यांसाठी आणि त्या देणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, असे मी त्यांना सांगून आलो आहे. ते विचार करतो म्हणाले.

गोळ्या सोडलेला तरुण काल आरोग्य केंद्रात यायला तयार झाला. त्याच्या बेडक्याचा नमुना घेतला आहे, औषधाला जंतू दाद देतात की नाही हे पाहावे लागेल. अहवाल अजून आलेला नाही.

शास्त्रपाठी (बीड)

येत्या शुक्रवारच्या उपवासात आमच्या भगिनी त्याच्यासाठी बसतील. नाव कळवू नका. पण अहवालात नेमके काय यायला हवे ते मात्र लिहून पाठवा. नुसत्या ‘एका आजारी बंधू’साठी त्यांना प्रार्थना करता येत नाही, काय मागायचे ते नीट सांगावे लागते.