‘कन्टेन्ट मॉडरेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: फेसबुक-यूट्यूबसारख्या कंपन्या लोकांच्या पोस्ट तपासून काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवतात, त्या ‘कन्टेन्ट मॉडरेशन’साठी एका बातमीत मी ‘मजकूर-नियमन’ लिहिलं. सहकारी म्हणतात ‘संपादन’ हवं. तुमचं मत?

प्रतिसाद: संपादन नको. संपादक आधी वाचतो, मग छापतो आणि छापलेल्याची जबाबदारी घेतो. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी फेसबुक-यूट्यूबना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली कायदेशीर जबाबदारीपासून संरक्षण मिळतं, ते ‘मध्यस्थ’ म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर पोहोचवणारे म्हणून. नियमन हा शब्द सरकारी नियमांसाठी राखावा, दूरसंचार क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या ‘ट्राय’ला आपण नियामक म्हणतो तसा. कंपनी स्वतःच्या नियमांनी करते ती छाननी.

पण मला नामापेक्षा क्रियापदाची काळजी जास्त वाटते. ‘पोस्ट उडाली’, ‘कंपनीने उडवली’ आणि ‘सरकारने उडवायला लावली’ या तीन वेगळ्या घटना आहेत. बातम्यांत सर्रास पहिलंच रूप येतं, किंवा सगळ्यालाच ‘बंदी’ म्हणतात. मग जाब कोणाला विचारायचा?

कर्ता गायब होण्यात कायद्याचाही हात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर बंद करायला सांगू शकतं आणि त्यासाठीच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ ही सगळी कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. पोस्ट लिहिणाऱ्यालाही आदेश दिसेलच असं नाही. फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना झालेल्या अटकेनंतर गाजलेलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, ते सर्वांना आठवतं. त्याच निकालात ६९अ कायम राहिलं, हे फारसं कोणी सांगत नाही. ट्विटरने अशा आदेशांना कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३० जून २०२३ ला याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा दंड. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर एकट्या माणसाने काय करावं?

म्हणून आदेश कोणाचा हे माहीत असेल तर ‘लावली’ लिहाच. माहीत नसेल तर ‘कोणाच्या सांगण्यावरून, हे कळलेलं नाही’ हेही बातमीत यायला हवं.

प्रश्न: आणि खातं भारतात दिसत नाही, पण परदेशातल्या भावाला दिसतं, तेव्हा?

प्रतिसाद: तिथे ‘उडवलं’ चूक. ‘भारतात रोखलं’ म्हणा. खातं शाबूत असतं, फक्त इथल्या वाचकापुरतं अडवलेलं. ‘भारतात’ हा शब्द मात्र गाळू नका.